निवासी वस्तीलगत प्रस्तावित गॅसदाहिनी: हवेचे प्रदूषण आणि आरोग्यधोका यांच्या मूल्यमापनाचे एक प्रकरण

प्रस्ताव

एका जुन्या स्मशानभूमीच्या कोपऱ्यात गॅसवर चालणारी एक दाहिनी उभारण्याचा प्रस्ताव स्थानिक प्रशासनाकडे आला आहे. दाहिनीची इमारत ६ मीटर उंच व १२ मीटर रुंद असेल आणि चिमणीचे तोंड जमिनीपासून ८ मीटरांवर, म्हणजे छपरापेक्षा अवघे दोन मीटर वर राहील. चिमणीचा व्यास अर्धा मीटर असून वायू सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमानाला, सेकंदाला ६ मीटर वेगाने बाहेर पडतील. एका दहनाला सरासरी दीड तास लागेल आणि दिवसाला जास्तीत जास्त चार, वर्षाला साधारण १,००० दहने होतील. सर्वांत जवळचे घर ६० मीटरांवर आहे आणि प्राथमिक शाळा सुमारे ३०० मीटरांवर. धूर शुद्ध करणारी कोणतीही यंत्रणा प्रस्तावात नाही. ‘दुय्यम ज्वलनकक्षात (भट्टीतून निघालेले वायू पुन्हा जाळणाऱ्या कक्षात) ८५० अंशांना वायू दोन सेकंद राहणार असल्याने घातक घटक नष्ट होतील’ एवढ्या एका विधानावर अर्जदाराचा आरोग्यविषयक निष्कर्ष उभा आहे.

हा प्रस्ताव प्रातिनिधिक आहे, कोणत्याही एका ठिकाणचा नाही. त्यातील मोजमापे गणित करता यावे म्हणून ठरवून घेतली आहेत. उत्सर्जनाचे गुणांक आणि आरोग्याचे निकष मात्र प्रकाशित व वापरात असलेलेच आहेत. अशा प्रस्तावावरची चर्चा बहुधा दोन टोकांना जाते. अर्जदार वर्षभराचा एकूण आकडा दाखवून तो नगण्य असल्याचे सांगतो आणि विरोधक रसायनांची यादी वाचून दाखवतात. दोन्ही बाजूंनी सांगितलेले खरे असते, पण शेजारच्या माणसाच्या श्वासात नेमके किती आणि केव्हा जाणार, या प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळत नाही. या प्रकरणात ते उत्तर वर्षाच्या सरासरीत नसून एका तासाच्या आकड्यात दडलेले आहे.

चिमणीतून काय बाहेर पडते

मृतदेह, त्याचे आवरण किंवा पेटी आणि जळणारा गॅस यांपासून कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ यांखेरीज नायट्रोजनची ऑक्साइडे, कार्बन मोनॉक्साइड, सूक्ष्म कण, सल्फर डायऑक्साइड, हायड्रोजन क्लोराइड, अल्प प्रमाणात जड धातू, डायॉक्सिने व फ्युराने (क्लोरीनयुक्त विषारी सेंद्रिय संयुगे) आणि पारा बाहेर पडतो. युरोपीय पर्यावरण संस्थेच्या उत्सर्जन मार्गदर्शिकेत दर दहनामागे नायट्रोजन ऑक्साइडे ८२५ ग्रॅम, पीएम २.५ (अडीच मायक्रॉनपर्यंतचे सूक्ष्म) कण ३४.७ ग्रॅम, पारा १.४९ ग्रॅम आणि डायॉक्सिने ०.०२७ मायक्रोग्रॅम (विषारी समतुल्यात मोजलेली) असे गुणांक दिले आहेत. १,००० दहनांना गुणले, तर वर्षाला ८२५ किलो नायट्रोजन ऑक्साइडे, सुमारे ३५ किलो सूक्ष्म कण, दीड किलो पारा आणि २७ मायक्रोग्रॅम डायॉक्सिने एवढा हिशेब निघतो.

अर्जदाराच्या ८५० अंशांच्या विधानात एक गोष्ट निसटते. उच्च तापमानाला सेंद्रिय संयुगे तुटतात, हे खरे. पारा मात्र मूलद्रव्य आहे आणि त्याचा उत्कलनबिंदू ३५७ अंश आहे, त्यामुळे भट्टीत तो पूर्णपणे वाफ होतो आणि दुय्यम कक्षातून जसाच्या तसा पुढे जातो. कक्ष कितीही तापवला तरी पाऱ्याच्या बाबतीत काही फरक पडत नाही. हा पारा मुख्यतः दातांत भरलेल्या चांदीतून, म्हणजे अमाल्गममधून येतो आणि अमाल्गमच्या वजनात जवळजवळ निम्मा वाटा पाऱ्याचा असतो. साहजिकच दहनादहनांत फार मोठा फरक पडतो. दात नसलेल्या व्यक्तीच्या दहनातून जवळपास काहीच पारा येणार नाही, तर आठ मोठी भरणे असलेल्या व्यक्तीच्या दहनातून, दर भरणात अर्धा ग्रॅम पारा धरला, तर ४ ग्रॅम येईल. १.४९ ग्रॅमची सरासरी या दोन टोकांना एकत्र करून काढलेली आहे. शेजारी राहणारा माणूस त्या सरासरीत श्वास घेत नाही. ज्या दिवशी जे दहन होईल, त्याच्या वाऱ्यात तो असतो.

वर्षाचे गणित आणि तासाचे गणित

विसरणाची, म्हणजे धूर हवेत कसा पसरतो याची, प्राथमिक चाचपणी अशी केली. चिमणीतून सेकंदाला १ ग्रॅम पदार्थ सुटतो असे धरून, प्रतिकूल तासात ६० मीटरांवरच्या घराजवळ त्याची तीव्रता किती होईल हे काढले. वारा सेकंदाला ३ मीटर आणि वातावरण तटस्थ, म्हणजे हवा फार ढवळलेलीही नाही आणि थरांत साचलेलीही नाही, असे धरले. चिमणी छपरापेक्षा जेमतेम उंच असल्याने इमारतीच्या मागे उठणारा भोवरा धुराला खाली ओढतो. तो परिणाम जमेस धरून गौसीय सूत्राने येणारी तीव्रता १,७०० ते ३,७०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर यांच्या दरम्यान निघते. येथे २,००० धरली आहे, म्हणजे टोकाचा अंदाज मुद्दाम टाळला आहे. वार्षिक सरासरीसाठी एअरस्क्रीन या चाचपणी प्रारूपात तासाच्या कमाल आकड्याला ०.१ ने गुणतात, तोच संकेत येथेही पाळला.

आधी वर्ष पाहू. वर्षाला १,४९० ग्रॅम पारा म्हणजे सरासरी सेकंदाला ०.०४७ मिलिग्रॅम. यावरून घराजवळची वार्षिक सरासरी सुमारे ०.००९ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर येते. जागतिक आरोग्य संघटनेने पाऱ्याच्या वाफेसाठी वार्षिक १ मायक्रोग्रॅम हे मार्गदर्शक मूल्य दिले आहे, अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेची संदर्भ तीव्रता ०.३ आहे आणि कॅलिफोर्निया राज्याचा दीर्घकालीन संदर्भ स्तर ०.०३ आहे. आपला आकडा या तिन्हींखाली बसतो, सर्वांत कडक निकषाच्याही एक तृतीयांशाहून कमी. अर्जदाराचा अहवाल येथे थांबतो, आणि तो खोटा नाही.

आता तास. पारा दहनाच्या पूर्वार्धातच बहुतांश बाहेर पडतो, म्हणून तो एका तासात सुटतो असे धरणे वाजवी आहे. सरासरी दहनात सेकंदाला ०.४१ मिलिग्रॅम सुटेल आणि घराजवळची त्या तासाची तीव्रता ०.८३ मायक्रोग्रॅम होईल. ४ ग्रॅम पारा असलेल्या दहनात हाच आकडा २.२ होतो. कॅलिफोर्नियाचा एका तासाचा तीव्र संदर्भ स्तर ०.६ आहे. म्हणजे वर्षाच्या निकषात आरामात बसणारी ही दाहिनी तासाच्या निकषात सरासरी दहनालाच नापास होते, आणि जास्त भरणे असलेल्या दहनाला जवळजवळ चौपट फरकाने.

या ओलांडण्याचा अर्थ नीट लावला पाहिजे, कारण इथेच दोन्ही बाजू घसरतात. ०.६ ही विषबाधा सुरू होण्याची रेषा नाही. प्राण्यांवरील प्रयोगात गर्भावस्थेत १.८ मिलिग्रॅम प्रति घनमीटर वाफेला सामोऱ्या गेलेल्या पिलांच्या वर्तनात दोष दिसला आणि त्या आकड्याला ३,००० या सुरक्षा गुणकाने भागून हा स्तर ठरवला गेला. तेव्हा एखाद्या तासात २.२ मायक्रोग्रॅम झाल्याने कोणी आजारी पडेल, असे म्हणता येत नाही. पण तो सुरक्षा गुणक उगाच ठेवलेला नाही. श्वासातून आलेल्या पाऱ्याच्या वाफेपैकी सुमारे ८० टक्के वाफ फुप्फुसांतून शरीरात शोषली जाते, ती गर्भापर्यंत पोहोचते आणि माणसामाणसांतली संवेदनशीलता वेगवेगळी असते. स्तर ओलांडला जाणे याचा अर्थ आपण राखून ठेवलेले सुरक्षेचे अंतर वापरायला सुरुवात झाली. ते वापरायला परवानगी द्यायची का, हा प्रश्न प्रशासनाचा आहे. आकडा तो सोडवून देत नाही.

वारंवारताही पाहावी लागते. १,००० दहने दर दीड तासाने मोजली तर दाहिनी वर्षातले १,५०० तास चालते. वारा त्या घराच्या दिशेने दहा टक्के वेळ असतो असे धरले, तर घर धुराच्या रेषेत वर्षाला सुमारे १५० तास येईल. त्यातले सगळे तास वाईट नसतील, पण काही असतील, आणि ते आगाऊ ओळखता येणार नाहीत.

चिमणीची उंची

भोवऱ्याचा प्रश्न बांधकामातून सुटणारा आहे आणि त्याचे सूत्रही जुने आहे. इमारतीची उंची अधिक तिच्या उंची व रुंदी यांपैकी लहान मोजमापाच्या दीडपट, एवढी चिमणी असेल, तर धूर इमारतीच्या प्रभावाबाहेर राहतो. येथे ६ अधिक ९, म्हणजे १५ मीटर. प्रस्तावातल्या ८ मीटरांपेक्षा ७ मीटर अधिक. प्रस्तावकर्त्याला चिमणी कमी हवी असते ती बहुधा दिसण्यासाठी, कारण उंच चिमणी पाहून शेजारी बिथरतात. हा विरोधाभास अशा प्रत्येक प्रकरणात भेटतो: लोकांच्या डोळ्यांआड ठेवलेली चिमणी त्यांच्या नाकाजवळ येते.

१५ मीटर चिमणी आणि ६०० अंशांचे वायू असतील तर ३ मीटर वाऱ्यात धूर आणखी सुमारे १४ मीटर वर चढतो. कमाल तीव्रतेची जागा ६० मीटरांवरून सरकून तीनशे ते चारशे मीटरांवर जाते आणि तिथे १ ग्रॅममागे १०० मायक्रोग्रॅमहून कमी राहते, गणितात १०० धरू. पाऱ्याचे तासाचे आकडे ०.८३ वरून ०.०४ वर आणि २.२ वरून ०.११ वर येतात. म्हणजे केवळ चिमणी उंच केल्याने तासाचा निकष पाळला जातो.

पण एक बाब अहवालात स्पष्ट लिहिली पाहिजे. नव्या कमालबिंदूचे अंतर शाळेच्या अंतराएवढेच आहे. तीव्रता विसाव्या हिश्श्यावर आली असली, तरी सर्वाधिक भार कोणावर, या प्रश्नाचे उत्तर आता एका घराऐवजी मुलांनी भरलेली इमारत असे झाले आहे. ०.०४ हा आकडा निकषाच्या खूप खाली असल्याने मला त्यात नाकारण्याजोगे काही दिसत नाही, पण पालकांना हे त्यांनी विचारण्याआधी सांगणे आवश्यक आहे. नंतर कळले, तर उरलेल्या आकड्यांवरचाही विश्वास जातो.

चिमणीवर पावसासाठी बसवलेली टोपी या सगळ्या गणितावर पाणी फिरवते. उभा जाणारा झोत आडवा होतो, त्याचा वेग नाहीसा होतो आणि धूर पुन्हा छपरावरून खाली घसरतो. आराखड्यात अशी टोपी दाखवलेली असते आणि अहवालातल्या गणितात ती नसते, असे घडू शकते. आराखडा आणि गणित समोरासमोर ठेवून पाहिल्याशिवाय हे लक्षात येत नाही.

पारा अडवायचा की पसरवायचा

उंच चिमणी पारा कमी करत नाही, पसरवते. वर्षाचा दीड किलो तेवढाच राहतो आणि कुठेतरी जमिनीवर व पाण्यात उतरतो, तिथे त्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर होऊन तो माशांच्या शरीरात साठू शकतो. एका दाहिनीचा हा वाटा जगाच्या हिशेबात किरकोळ आहे. ब्रिटनमध्ये मात्र सर्व दाहिन्यांचा एकत्रित वाटा पाहून २०१२ अखेर ५० टक्के दहनांचा पारा अडवण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले होते. पाऱ्याविषयीच्या मिनामाता कराराच्या उत्सर्जन-स्रोतांच्या यादीत कोळशावरची वीजकेंद्रे, कोळशावरचे औद्योगिक बॉयलर, अलोह धातूंचे गाळण, कचरा-भट्ट्या आणि सिमेंट आहेत, दाहिन्या नाहीत. त्यामुळे ‘आंतरराष्ट्रीय करारात सक्ती नाही’ हा अर्जदाराचा युक्तिवाद अक्षरशः बरोबर आहे, पण ६० मीटरांवरच्या घराशी त्याचा संबंध नाही.

पारा अडवण्याची रूढ पद्धत म्हणजे वायू थंड करणे, त्यात सक्रिय कार्बनची भुकटी सोडणे आणि बॅग फिल्टरवर, म्हणजे कापडी पिशव्यांच्या गाळणीवर, ती पकडणे. यात गुंतागुंत आहे. बॅग फिल्टरसाठी वायू सुमारे १३० अंशांवर आणावे लागतात, त्यामुळे ६०० अंशांच्या तुलनेत धुरातली उष्णता साधारण पाचव्या हिश्श्यावर येते आणि तो ३ मीटर वाऱ्यात १४ ऐवजी जेमतेम ४ मीटर चढतो. सूत्रानुसार १ ग्रॅममागे कमाल तीव्रता सुमारे १४० येते, गणितात १५० धरू. पाऱ्याबाबत ते चालते, कारण ९० टक्के अडवला तर ४ ग्रॅमच्या दहनाचाही आकडा ०.०२ च्या आसपास राहतो. पण नायट्रोजन ऑक्साइडे कार्बनने अडत नाहीत, आणि थंड धुरामुळे त्यांची जमिनीजवळची तीव्रता किमान दीडपट होते. पारा काढायला लावलेल्या यंत्रणेने दुसऱ्या घटकाची स्थिती थोडी बिघडते, हे अर्जात सहसा नसते.

इथे ते सुदैवाने परवडणारे आहे. दर दहनाच्या ८२५ ग्रॅमवरून सेकंदाला ०.१५ ग्रॅम निघतो. मूळ ८ मीटर चिमणीत घराजवळ ३०६ मायक्रोग्रॅम नायट्रोजन ऑक्साइडे येतात. त्यांपैकी निम्मी नायट्रोजन डायऑक्साइड धरली तर १५३ होतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेचे तासाचे मार्गदर्शक मूल्य २०० आहे. आधीच वाहनांचा धूर असलेल्या जागी उरलेले ४७ सहज भरून निघतील. थंड धुराच्या १५ मीटर चिमणीत हाच आकडा सुमारे १२ आहे. सूक्ष्म कणांबाबत तर काळजीचे कारण दिसत नाही. चार दहनांच्या दिवशी ८ मीटर चिमणीतही घराजवळ २४ तासांची भर २ मायक्रोग्रॅमहून कमी येते, आणि २०२१ चे मार्गदर्शक मूल्य १५ आहे.

डायॉक्सिनांचा गुणांक

सर्वांत मोठी अनिश्चितता येथे आहे. वर दिलेला ०.०२७ मायक्रोग्रॅम हा गुणांक एका स्रोताचा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या डायॉक्सिन-गणनेच्या साधनसंचात दर दहनामागे नियंत्रणाविना ९० मायक्रोग्रॅम, मध्यम नियंत्रणासह १० आणि उत्तम नियंत्रणासह ०.४ असे आकडे आहेत. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त यांच्यात ३,००० पटींहून अधिक फरक आहे. एकाच दाहिनीसाठी, मूळ ८ मीटर चिमणी धरून, श्वासावाटे होणाऱ्या आयुष्यभराच्या कर्करोगधोक्याचे गणित कॅलिफोर्नियाच्या गुणकाने केले, तर ९० मायक्रोग्रॅम धरल्यास दहा लाखांत सुमारे २२ येतात, १० धरल्यास दोन-अडीच, आणि ०.०२७ धरल्यास शंभराव्या हिश्श्याहूनही कमी. दहा लाखांत १० ही मर्यादा मानली, तर गुणांक निवडणाऱ्याने निकाल आधीच निवडलेला असतो. अहवालात कोणता गुणांक वापरला एवढे वाचून पुढे जाऊ नये. ‘का वापरला’ हे विचारावे.

उत्तर देण्याचा एकच सरळ मार्ग आहे: त्याच मॉडेलच्या, त्याच पद्धतीने चालणाऱ्या दाहिनीच्या चिमणीवर केलेली मोजणी. या अर्जासोबत जोडलेली चाचणी अशी नाही. ती दुसऱ्या क्षमतेच्या भट्टीची आहे, भट्टी तापलेली असतानाची आहे आणि त्यातल्या देहाच्या वजनाची नोंद नाही. अशी चाचणी भट्टीची सर्वोत्तम कामगिरी दाखवते. रोजच्या कारभारातली कामगिरी वेगळी असते.

त्याची यंत्रणा समजून घेण्यासारखी आहे. डायॉक्सिने दुय्यम कक्षात नष्ट झाली, तरी साधारण २०० ते ४५० अंशांच्या पट्ट्यात वायू थंड होताना क्लोरीन, न जळलेला कार्बन आणि तांब्यासारख्या धातूच्या पृष्ठभागावर ती पुन्हा तयार होऊ शकतात. म्हणून वायू त्या पट्ट्यातून झटकन नेणे आवश्यक असते, आणि बॅग फिल्टरपूर्वीचा उष्णता-विनिमयक संथ असेल तर शुद्धीकरण यंत्रणाच डायॉक्सिने बनवू शकते. कार्बनच्या भुकटीचे प्रमाण त्यामुळे पाऱ्यापुरते न ठरवता डायॉक्सिनांसाठीही ठरवावे लागते. क्लोरीन कमी करण्याचा सोपा उपाय मात्र यंत्राबाहेर आहे: पीव्हीसीच्या पिशव्या, आवरणे आणि प्लास्टिकच्या वस्तू देहासोबत भट्टीत जाऊ न देणे. कर्मचाऱ्यांची संमती, कुटुंबीयांना दिलेली स्पष्ट सूचना आणि दारापाशी होणारी तपासणी, एवढेच त्याला लागते.

माणसाच्या शरीरात जाणाऱ्या डायॉक्सिनांपैकी ९० टक्क्यांहून अधिक अन्नातून येतात, श्वासातून नव्हे. म्हणून प्रभावक्षेत्रात भाजीपाला, दुभती जनावरे किंवा कोंबड्या असल्यास श्वासाचे गणित पुरेसे नाही. साचणे, मातीत जमणे आणि अंड्या-दुधातून पुढे जाणे या मार्गाचा वेगळा अंदाज करावा लागतो.

थंड भट्टीतला पहिला दहनविधी

एका प्रसंगाकडे मूल्यमापकाने स्वतः लक्ष द्यावे, कारण कागदावर तो दिसत नाही. भट्टी रात्रभर बंद राहून सकाळी सुरू झाली आहे, दुय्यम कक्ष अजून ८५० अंशांवर पोहोचलेला नाही, आणि कुटुंबीय बाहेर थांबले असल्याने चालक देह आत घेतो. देह भारी असेल तर त्यातली चरबी एकदम पेटते, ज्वलनाचा वेग दुय्यम कक्षाच्या क्षमतेपलीकडे जातो, प्राणवायू कमी पडतो, कार्बन मोनॉक्साइड उडी मारते आणि चिमणीतून काळा धूर निघतो. सकाळी वारा पडलेला असतो आणि थंड हवेचा थर जमिनीजवळ असतो, त्यामुळे तोच धूर वर जात नाही. हा अर्धा-पाऊण तास दिवसाच्या सर्वांत वाईट तासाचा भाग ठरतो, आणि दिवसाच्या सरासरीत तो दिसेनासा होतो.

याला दोन गोष्टी लागतात. दुय्यम कक्ष ठरलेल्या तापमानाला पोहोचल्याशिवाय भट्टीचे दार उघडणारच नाही असे कुलूप, आणि भारी देहांची वेळ भट्टी पूर्ण तापलेली असताना व वारा चालू असताना ठेवण्याचा नियम. पहिली गोष्ट यंत्राची आहे, ती विकत मिळते. दुसरी नेमाची आहे, आणि ती पाळली जाते की नाही हे नोंदवही तपासल्याशिवाय कळत नाही.

रहिवाशांचा आक्षेप आणि साथरोगशास्त्र

आक्षेप घेणाऱ्यांनी एक प्रकाशित अभ्यास पुढे केला: इंग्लंडच्या कंब्रिया भागातला, १९५६ ते १९९३ या काळातील बाळंतपणांचा, ज्यात दाहिन्यांजवळ मृतजन्म आणि गर्भाच्या मेंदूची वाढच न होण्याचा दोष यांचा धोका वाढलेला दिसला. अभ्यास खरा आहे आणि तो बाजूला सारणे अयोग्य ठरेल. पण त्यात चिमणीतून काय किती निघते हे मोजलेले नाही, अंतरालाच संपर्काचे माप धरले आहे, आणि कारण-परिणामाचा निष्कर्ष काढता येत नाही हे अभ्यासकांनी स्वतः नमूद केले आहे. त्या काळच्या अनेक दाहिन्या आजच्या नियंत्रणाविना चालत होत्या. या अभ्यासातून ‘दाहिनी धोकादायक’ हे सिद्ध होत नाही, आणि ‘दाहिनी निर्धोक’ हेही नाही. गर्भवती व्यक्तींबाबत दक्षता घ्यावी एवढे मात्र त्यातून निघते, आणि वरचा तासाचा निकषही नेमका गर्भाच्या मेंदूवाढीच्या परिणामावरच ठरलेला आहे.

अंतराचा प्रश्न रहिवासी वारंवार मांडतात. अंतर वाढवले की तीव्रता घटते, हे बरोबर आहे, पण ८ मीटर चिमणी ठेवून घर १०० मीटरांवर नेणे आणि १५ मीटर चिमणी ठेवून ६० मीटरांवरच राहू देणे यांत दुसरा पर्याय अधिक चांगला आहे. केवळ अंतराची अट घातली, तर अर्जदार कमी चिमणीच ठेवून मोकळी जागा शोधेल.

निर्णय

प्रस्ताव आहे त्या रूपात मंजूर करू नये, हा या मूल्यमापनाचा निष्कर्ष आहे, आणि त्याचे कारण एकच आहे: सरासरी दहनातही पाऱ्याचा तासाचा निकष ओलांडला जातो. नव्याने मांडल्यास मान्य करता येईल, पुढील अटींवर. चिमणी किमान १५ मीटर आणि टोपीविना. सक्रिय कार्बन व बॅग फिल्टरची यंत्रणा पहिल्या दिवसापासून. दुय्यम कक्षाचे तापमान, प्राणवायू, कार्बन मोनॉक्साइड आणि धुराची घनता यांची अखंड नोंद, तसेच तापमानाशी जोडलेले दाराचे कुलूप. दाहिनी सुरू झाल्यावर सहा महिन्यांच्या आत पारा, डायॉक्सिने आणि नायट्रोजन ऑक्साइडे यांची चिमणीवरची चाचणी, ज्यात किमान एक भारी देह आणि एक थंड भट्टीतले दहन असेल. कर्मचाऱ्यांसाठी वेगळी दक्षता लागेल, कारण भट्टीचे दार उघडताना आणि अस्थी बारीक करताना उडणारी धूळ त्यांच्याच श्वासात जाते, शेजाऱ्याच्या नव्हे.

मोजणीत डायॉक्सिने दर दहनामागे १० मायक्रोग्रॅमहून अधिक निघाली, तर दाहिनी थांबवून थंड होण्याचा पट्टा आणि कार्बनचे प्रमाण तपासावे, अशी अट घालण्यास मी आग्रही आहे. ती संख्या जाणीवपूर्वक निवडली आहे: त्या पातळीला श्वासाचा धोका दहा लाखांत दहाच्या आत राहतो आणि अन्नमार्गाचा अंदाज करायला वेळ मिळतो.

एक गोष्ट अद्याप खुली राहते. १,००० दहने ही संख्या अर्जदाराची आहे आणि त्यावरच वर्षाचे सारे गणित उभे आहे. तासाचे आकडे दहनांच्या संख्येवर अवलंबून नाहीत, पण वर्षाचे आहेत, आणि दोन भट्ट्या एका चिमणीवर आल्या तर तासाचेही दुप्पट होऊ शकतात. युरोपीय संघाने २०२५ पासून दातांत अमाल्गम भरणे जवळपास बंद केले असले, तरी आज भरलेली चांदी तोंडात दशकानुदशके राहते, त्यामुळे पाऱ्याचा प्रश्न आपोआप सुटेल ही आशा या दाहिनीच्या आयुष्यात पुरी होणारी नाही. म्हणून परवान्यात दहनांची कमाल संख्या लिहावी, आणि ती वाढवायची झाली किंवा दुसरी भट्टी जोडायची झाली, तर नवा अर्ज आणि नवे विसरण-गणित मागावे.